सोलापूरच्या कातळात पुनर्भरण क्षेत्र शोधायचं कसं? नकाशा एक सांगतो, विहिरी दुसरंच

माळरान (धागाकर्ता)

सांगोला-मंगळवेढा शिवेवरच्या साधारण ९०० हेक्टरच्या पाणलोटाचा पुनर्भरण क्षेत्राचा, म्हणजे पाऊस जिथून मुरून भूजलात जातो त्या जागांचा, नकाशा गावाच्या जलसुरक्षा आराखड्यासाठी करायचा आहे. पद्धत नेहमीचीच घेतली. खडक, भूरूप, उतार, ओढ्यांची घनता, लिनिअमेंट (खडकातल्या भेगा सुचवणाऱ्या सरळ रेषा), माती आणि जमीनवापर असे नकाशाचे सात थर, प्रत्येकाला भारांक, आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बेरीज. ओढ्याकाठची सपाट काळी रानं 'अति उत्तम' म्हणून गडद निळी आली आणि वरचा मुरमाड माळ 'निकृष्ट' म्हणून लाल.

विहिरींचं म्हणणं उलटं आहे. मे अखेर ते ऑक्टोबर अखेर माळाच्या कडेच्या विहिरींत पाणी ५ ते ६ मीटर चढतं, काळ्या रानातल्या विहिरींत जेमतेम दीड-दोन. आता चूक भारांकांची समजायची, की 'उतार कमी म्हणजे पाणी जास्त मुरतं' हे गृहीतकच इथं लागू नाही? याच नकाशावर पाझर तलाव आणि सलग समतल चरांच्या जागा ठरणार आहेत, म्हणून रंग भरण्याआधी विचारतोय. सौराष्ट्र-कच्छच्या कोरड्या किनाऱ्यावरही हीच बेरजेची पद्धत वापरतात असं वाचनात आलं. तिकडची माहिती असणाऱ्यांनीही लिहावं.

मांजऱ्या

गृहीतक इथं अर्धंच लागू आहे. सपाटीवर पाणी थांबतं हे खरं, पण थांबलेलं पाणी खाली जाईल की नाही हे मातीवर आणि तिच्या खालच्या थरावर ठरतं. मंगळवेढ्याच्या बाजूची काळी माती खोल आहे. ती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग तासाला काही मिलिमीटरच पाणी खाली सोडते. तिच्यात मुरलेलं पाणी मातीच धरून ठेवते. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर येते, पण ती ओल विहिरीत उतरत नाही. सांगोल्याच्या बाजूला दीड-दोन वीत माती आणि खाली मुरूम. तिथला पाऊस लवकर खाली जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपला खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक, जवळपास आडवे पडलेले थर. प्रत्येक थराचा खालचा भाग काळा पाषाण, वरचा भाग मांजऱ्या म्हणजे बारीक भोकांचा बेसॉल्ट, आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं गेरू, म्हणजे तांबडा चिकण थर. पाणी साठतं आणि वाहतं ते प्रामुख्यानं मुरमात आणि झिजलेल्या, आडव्या फटींच्या मांजऱ्यात. थर आडवा असल्यामुळं तो माळाच्या कडेला जिथं उघडा पडतो तिथं त्याला थेट पाणी मिळतं. म्हणजे पुनर्भरण क्षेत्राचा मोठा भाग कंटूरला, म्हणजे समान उंचीच्या रेषेला, धरून जाणारा पट्टा असतो. सात थरांच्या बेरजेत हा पट्टा दिसणारच नाही, कारण खडकाच्या थरात तुम्ही सगळीकडं एकच 'बेसॉल्ट' भरला असणार.

तो पट्टा काढायचा असा:

१) पाणलोटातल्या ४० ते ६० उघड्या विहिरी घ्या. बोअर नकोत, का ते पुढं येईलच. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं एक खूण करा आणि सगळी मापं त्याच खुणेपासून घ्या. कठड्याची जमिनीपासूनची उंची वेगळी लिहा. ती वजा करायची राहिली की पाणीपातळी पाऊण-एक मीटरनं चुकते.

२) विहिरीचं पोट वाचा. सकाळी दहा-अकराच्या उन्हात आरशानं उजेड आत पाडला की तळापर्यंत थर स्वच्छ दिसतात. विहिरीत उतरू नका. पडक्या विहिरीत हवा कोंडलेली असते आणि दरड सुटते. काळी माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण, प्रत्येकाची खोली लिहा. पाझराची जागा पांढऱ्या क्षारांच्या ओघळावरून आणि हिरव्या शेवाळावरून ओळखू येते.

३) विहीर वरपासून खालपर्यंत बांधलेली असेल तर काठावरचा उपशाचा ढीग बघा. तो उलट्या क्रमानं लागतो, सगळ्यात खोलचा दगड सगळ्यात वर.

४) मांजऱ्याची खालची कड प्रत्येक विहिरीत समुद्रसपाटीपासून किती उंचीवर येते ते काढा. समजा तीन विहिरींत ती ४८६.२, ४८५.१ आणि ४८४.६ मीटरला आली. तिघींच्या जागा माहीत असल्या की थराचा कल निघतो. तो कल पुढं वाढवून जमिनीला जिथं छेदतो तिथं पट्ट्याची खालची कड. वरच्या कडेसाठी हेच परत.

५) आता त्या रेषेवर चाला. ओढ्याचा काठ, रस्त्याची खोदाई, खदान, शेततळं, जिथं खडक उघडा आहे तिथं थर खरंच आहे का ते बघा. चार-पाच ठिकाणी जुळलं तरच रेषा पक्की करा.

पट्टा किती रुंद येईल? जाडी भागिले उतार. मांजऱ्या ४ मीटर जाड आणि जमिनीचा उतार ८ टक्के असेल तर पट्टा ५० मीटर. उतार २ टक्के असेल तर २०० मीटर. १:५०,००० च्या नकाशावर ५० मीटर म्हणजे १ मिलिमीटर. सरकारी जलधर नकाशे (पाणी धरणाऱ्या थरांचे नकाशे) बहुतेक त्याच प्रमाणावर असतात. ते चुकलेले नाहीत, पण गावाच्या कामाला तेवढं प्रमाण पुरत नाही.

एक सावधगिरी. मांजऱ्या दिसला म्हणजे पाणी आलंच, असं नाही. त्याची भोकं झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांनी गच्च भरलेली असतात. तो झिजलेला नसेल किंवा त्याला आडव्या फटी नसतील तर तो पाषाणाइतकाच कोरडा. हातोडीनं फोडून बघा. चटकन भुगा होतो का, फटींत तांबूस-पिवळा डाग आहे का? पाणी फिरल्याची खूण तीच.

पिक्सेल

मांजऱ्या यांचं पटतं, पण बेरजेची पद्धत टाकून द्यायची गरज नाही. ती नीट वापरली तर कुठं आधी चालायचं हे सांगते. चुका बहुतेक या ठिकाणी होतात:

उतार आणि ओढ्यांची घनता एकाच डीईएममधून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशातून) निघतात आणि एकमेकांशी बांधलेल्या असतात. दोन्हींना वेगळा भारांक दिला की उताराला दुप्पट वजन पडतं. तुमची काळी रानं निळी होण्याचं हे एक कारण. दोन्हींपैकी एकच ठेवा. मातीचा थर जिल्ह्याच्या नकाशावरून घेतला असेल तर तो या प्रमाणावर निरुपयोगी. त्याऐवजी विहिरींत मोजलेली मातीची जाडी घाला: ०.५ मीटरच्या आत, ०.५ ते १.५, आणि १.५ च्या वर. माझ्या मते या भागात सगळ्यात मोठा भारांक मातीच्या जाडीला हवा.

लिनिअमेंट म्हणून उपग्रहचित्रावर दिसणाऱ्या सरळ रेषांपैकी बऱ्याच रेषा कालव्याच्या चाऱ्या, जुने गाडीरस्ते, शिवेचे बांध आणि विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्या असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट (भूरूपाचा छापील नकाशा) शेजारी ठेवून त्या आधी काढून टाका. सोलापूर शहर जुन्या क्रमांकाच्या ४७ ओ/१४ वर येतं. तुमची शीट पश्चिमेकडची. उरलेल्यांपैकी जी रेषा ओढ्याला काटकोनात वळवते किंवा जिच्यावर झाडांची, विहिरींची ओळ आहे तेवढीच ठेवा.

भारांक एएचपीनं, म्हणजे थरांची जोडीजोडीनं तुलना करून, काढले असतील तर सात थरांच्या २१ जोड्यांची तुलना केली असणार आणि सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या आत आलं म्हणून समाधान झालं असणार. ते गुणोत्तर एवढंच सांगतं की तुमची मतं एकमेकांना छेद देत नाहीत. ती मतं जमिनीला धरून आहेत की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एक चतुर्थांश विहिरी सुरुवातीलाच बाजूला काढा, नकाशा करताना त्यांच्याकडं बघू नका, आणि शेवटी त्यांच्यावर ताडून बघा.

आणि उंचीचा घोळ. इस्रोच्या भुवन पोर्टलवरचं कार्टोडीईएम पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळाच्या पृष्ठभागापासून उंची देतं, तर एसआरटीएम (नासाचं डीईएम) आणि टोपोशीट समुद्रसपाटीपासून. आपल्याकडं या दोन्हींत साठ मीटरहून जास्त फरक पडतो. काही विहिरींची उंची एकातून आणि काहींची दुसऱ्यातून घेतली तर थराचा कल म्हणून जे येईल त्याला काही अर्थ नाही. एकच आधार ठेवा. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची रीत, यूटीएम ४३ उत्तर.

मांजऱ्या

उंचीबद्दल आणखी एक. मोफत मिळणाऱ्या ३० मीटरच्या डीईएममध्ये उभी चूक ५ मीटर धरली तर २ टक्के उतारावर पट्टा २५० मीटर सरकतो. पट्टाच २०० मीटरचा! मोबाईलच्या जीपीएसची उंची तर घेऊच नका. निदान १५-२० विहिरींच्या कठड्यांची उंची डंपी लेव्हल, ऑटो लेव्हल किंवा डीजीपीएस (अचूक जीपीएस) अशा उपकरणानं जोडून घ्या. तीन-चार दिवसांचं काम आहे आणि सगळा नकाशा त्यावर उभा राहतो. पैसे कमी असतील तर बाकीच्या कशात काटकसर करा, यात नको.

भूगर्भ_पंढरपूर

मूळ प्रश्नातल्या एका गोष्टीकडं कुणी बोट दाखवलेलं नाही. माळाच्या विहिरीत ५ मीटर चढ आणि काळ्या रानात २ मीटर, यावरून 'माळावर पुनर्भरण जास्त' हे सिद्ध होत नाही. चढ म्हणजे पुनर्भरण नव्हे. चढाला विशिष्ट उत्पन्नानं गुणायचं, म्हणजे खडक भिजल्यावर सुटून येऊ शकणाऱ्या पाण्याच्या वाट्यानं. झिजलेल्या, फटींच्या मांजऱ्याला जीईसी १९९७ च्या (भूजल अंदाज समितीच्या) नियमावलीत २ टक्के धरलं आहे (१ ते ३ च्या दरम्यान), आणि फारशा फटी नसलेल्या घट्ट खडकाला ०.३ टक्के. अरुंद भांड्यात थोडं पाणी ओतलं तरी पातळी जास्त चढते, तसंच.

उदाहरण घ्या. विहिरीत पाणी ५ मीटर चढलं, त्यातले खालचे २ मीटर काळ्या पाषाणात आणि वरचे ३ मीटर झिजलेल्या मांजऱ्यात. सरसकट २ टक्के धरलं तर पुनर्भरण १०० मिलिमीटर. थरांनुसार धरलं तर २ मीटरचे ६ आणि ३ मीटरचे ६०, मिळून ६६ मिलिमीटर. ९०० हेक्टरवर ही तफावत ९०० टीसीएम (हजार घनमीटर) विरुद्ध ५९४ टीसीएम अशी येते. गावाचा पाण्याचा ताळेबंद इथंच बिघडतो आणि पुढची पिकांची आखणी त्याच्याबरोबर.

पडताळा म्हणून पावसाशी भागून बघा. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ५४५ मिलिमीटर धरतात. ६६ म्हणजे १२ टक्के. त्याच नियमावलीत झिजलेल्या बेसॉल्टला ७ आणि मांजऱ्या-फटींच्या बेसॉल्टला १३ टक्के आहेत. म्हणजे आकडा पटण्यासारखा. ५४५ पैकी १०० म्हटलं तर १८ टक्के होतात, आणि तिथं शंका यायला हवी.

माळरान

हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार. म्हणजे विहिरीचा छेद नसेल तर चढाच्या आकड्यालाही किंमत नाही. दोन प्रश्न: बोअर का वगळायची? सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागांत उघड्या विहिरींपेक्षा बोअर जास्त आहेत. आणि पातळी नेमकी कधी मोजायची?

मांजऱ्या

बोअरला केसिंग (आत बसवलेला पाइप) असते ती वरच्या ६-१० मीटरची. खाली ती दोन-तीन थरांना एकत्र जोडते. वरच्या मांजऱ्यातलं पाणी भिंतीवरून गळत खालच्या थरात पडतं. बोअरमध्ये दिसणारी पातळी कुठल्याच एका थराची नसते. ती विहिरींच्या पातळीत मिसळून कंटूर काढले की नकाशावर खोट्या खळग्या आणि खोटे उंचवटे तयार होतात. बोअरची माहिती टाकू नका, पण वेगळ्या कागदावर ठेवा. खोदाईच्या वेळी कुठल्या फुटाला पाणी लागलं आणि भुकटीचा रंग कधी बदलला, हे मालकाला आठवत असेल तर लिहून घ्या. तांबडी भुकटी आली ती गेरूची खोली. थर जोडायला ही खूण सोन्यासारखी.

उघड्या विहिरीतही आडवे बोअर मारलेत का ते विचारा. अशी विहीर ३०-६० मीटर लांबचं पाणी ओढते. पातळीसाठी ती चालेल, पण उपशाच्या चाचणीसाठी नाही.

हस्ताचा_पाऊस

पातळी कधी मोजायची ते सांगतो. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि त्यानंतरही हस्ताच्या आसपास, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पडत राहतो. सप्टेंबर संपता संपता मापं घेतली तर पुनर्भरण अर्धवट धरलं जातं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा घ्या. पावसाळ्याआधीचं माप मेच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणीचा वळीव पडायच्या आधी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेते. तुमच्या पाणलोटातल्या किंवा शेजारच्या निरीक्षण विहिरीचा जुना आलेख मागून घ्या. यंदाचं वर्ष कोरडं, सरासरीचं की ओलं, हे त्यावरून समजेल.

सगळ्या विहिरी दोन, फार तर तीन दिवसांत संपवा. मोजण्याआधी मोटर किमान १२ तास बंद असावी. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी आठवडा-आठवड्यानं दिवसा-रात्री बदलते, तेव्हा त्या आठवड्याचं वेळापत्रक आधी बघा आणि मोजणीचे दिवस त्यावरून ठरवा. जिथं मोटर चालू सापडली त्या विहिरीचा आकडा कंटूरमध्ये घालू नका. परत जा.

कालव्याकडं विशेष लक्ष. उजनीचं पाणी जिथं पोचतं तिथं चारीच्या गळतीनं आणि उसाच्या पाटपाण्यानं विहिरी मेमध्येसुद्धा भरलेल्या असतात. नकाशावर तो पट्टा 'उत्तम पुनर्भरण' म्हणून चमकतो. ते पावसाचं पुनर्भरण नाही. आवर्तनाच्या तारखा घ्या आणि पातळीच्या आलेखाशेजारी ठेवा. पाऊस नसताना आवर्तनानंतर आठ-पंधरा दिवसांत पातळी चढत असेल तर ती विहीर कालव्याची. तिच्यासाठी वेगळा रंग.

भूगर्भ_पंढरपूर

ईसीनं, म्हणजे पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या विद्युत वाहकतेनं, हा पडताळा स्वस्तात होतो. पावसाचं ताजं पाणी जिथं मुरतं तिथं क्षार कमी, आणि खडकात लांबचा प्रवास करून जिथं बाहेर येतं तिथं जास्त. माळाकडून ओढ्याकडं जाताना ईसी वाढत जायला हवा. मीटर रोज सकाळी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणानं जुळवून घ्या, आकडा २५ अंश सेल्सिअसला आणलेला असू द्या, आणि पाणी साचलेल्या विहिरीतून घेऊ नका. मोटर दहा मिनिटं चालल्यावर पाइपातून घ्या. गावठाणाजवळ, गोठ्याजवळ किंवा भरपूर खत घातलेल्या बागेत आकडा फुगतो. त्या विहिरी नोंदीत ठेवा पण रेषा ओढताना सोडा.

बाभूळबन

मातीची मुरण्याची क्षमता दुहेरी कड्यानं मोजायची असेल तर एक सूचना. आतलं कडं ३० सेंटिमीटर, बाहेरचं ६०, दोन्ही १० ते १५ सेंटिमीटर ठोकलेली. काळ्या रानात मेमध्ये ही चाचणी केली तर भेगांतून पाणी धबधब्यासारखं जातं आणि तासाला शेकडो मिलिमीटर असा आकडा येतो. तो खोटा. तिथं आदल्या दिवशी जागा भिजवून ठेवा आणि दर स्थिर होईपर्यंत, गरज पडली तर पाच-सहा तास, मोजत राहा. बाहेरच्या कड्यातली पातळी आतल्याइतकीच ठेवायची, नाहीतर पाणी आडवं पसरतं आणि दर जास्त दिसतो. मुरमाड माळावर कडं ठोकताना मुरूम उखडतो आणि कडेनं पाणी निसटतं. बाहेरून ओल्या मातीचा लेप द्या. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत निदान तीन जागा हव्यात.

खारं_पाणी

किनाऱ्याबद्दल विचारलं आहे म्हणून लिहितो. महाराष्ट्राला कोरडा किनारा नाही. कोकणातला पाऊस आणि जांभा हे प्रकरण वेगळं. कोरडा किनारा म्हणजे सौराष्ट्र, कच्छ, आणि दक्षिणेत तमिळनाडूतला रामनाथपुरम-तुतुकुडीचा भाग. सौराष्ट्राच्या किनारपट्टीवर मिलिओलाइट चुनखडक आहे. पाण्यात विरघळून त्यात पोकळ्या झालेल्या असतात, त्यामुळं पाणी झटकन मुरतं आणि झटकन समुद्राकडं निघूनही जातं. तुतुकुडीकडं लाल वाळूचे टेरी ढिगारे हे पुनर्भरणाचं ठिकाण. सात थरांची बेरीज दोन्हीकडं करतात, पण तिथं आणखी दोन गोष्टी लागतात आणि त्यांच्याशिवाय नकाशा घातक ठरतो.

पहिली, गोड्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. घायबेन-हर्झबर्गच्या नियमानं पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी. याचा अर्थ कठड्याच्या उंचीत अर्धा मीटर चूक झाली तर गोड्या पाण्याची खोली २० मीटरनं चुकते. सोलापुरात उंचीची चूक पट्टा आडवा सरकवते. किनाऱ्यावर ती खारं पाणी वर ओढणाऱ्या विहिरीला परवानगी देऊन बसते. त्यात भरती-ओहोटीनं किनाऱ्याजवळच्या विहिरींची पातळीही हलते. एकदा मोजून चालत नाही. सलग २५ तास, दर तासाला मोजून सरासरी घ्यावी लागते, म्हणजे भरतीची दोन पूर्ण चक्रं त्यात येतात.

दुसरी, क्लोराइड. पुनर्भरण मोजायची एक सोपी रीत अशी: पाऊस गुणिले पावसातलं क्लोराइड, भागिले भूजलातलं क्लोराइड. पाऊस ५०० मिलिमीटर, पावसात लिटरला २ मिलिग्रॅम आणि भूजलात ४० असेल तर पुनर्भरण २५ मिलिमीटर. किनाऱ्यावर समुद्राचे तुषार वाऱ्यानं आत येतात, त्यामुळं पावसातलं क्लोराइड किनाऱ्याजवळ खूप जास्त आणि आत जाऊ तसं घटत जातं. आतल्या गावाचा आकडा किनाऱ्याला वापरला तर उत्तर कितीतरी पट चुकतं. पावसाचे नमुने किनाऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर, हंगामभर, आणि कोरड्या दिवसांत बसणाऱ्या धुळीसकट घ्यावे लागतात. आणि विहिरीत आधीच समुद्राचं पाणी शिरलं असेल तर ही रीत तिथं चालतच नाही.

सोलापुरात ही रीत वापरायची तर दुसरा अडथळा. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. बागेखालच्या पाण्यात क्लोराइड खताचं असतं आणि पुनर्भरण आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पड माळावरच्या, वस्तीपासून लांबच्या विहिरींपुरतीच वापरा.

माळरान

क्लोराइडचा मुद्दा नोंदवला. रेझिस्टिव्हिटी सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून थरांचा विद्युत रोध मोजणं) करून घ्यायचं का? एकानं प्रत्येक पॉइंटचा दर सांगितला आहे.

पिक्सेल

४० विहिरींचे छेद हातात असताना आधी ते संपवा. जिथं विहिरीच नाहीत अशा मोकळ्या जागेत सहा-आठ ठिकाणी केलं तर उपयोग होईल. बेसॉल्टात सर्वसाधारणपणे काळी माती ५ ते १० ओहम-मीटर, पाणी धरलेला झिजलेला-फटींचा थर २० ते ४५, थोडा झिजलेला ४० ते ७०, त्याच्या वर घट्ट पाषाण. गेरू आणि चिकणमातीही कमीच आकडा देतात. आकडा कमी दिसला की 'पाणी' म्हणून खूण करणारे पुष्कळ, आणि तिथं गेरू निघतो. म्हणून पहिले दोन पॉइंट छेद माहीत असलेल्या विहिरीशेजारी घ्यायला लावा. जुळलं नाही तर पुढचे घेऊ नका. तारांच्या लाइनीखाली आणि पाणी चालू असलेल्या चारीशेजारी घेतलेले आकडे बाद.

बाभूळबन

नकाशा झाल्यावर कामं बसवताना होणाऱ्या चुका आत्ताच सांगते, कारण त्याच जास्त महाग पडतात.

सिमेंट बंधारा उघड्या काळ्या पाषाणावर बांधला की पाणी दिसायला छान साठतं. दिसतंच म्हणजे मुरत नाही. आपल्याकडं उघड्या पाण्याचं वर्षाला दीड मीटरहून जास्त बाष्पीभवन होतं. ते पाणी आभाळात जातं. पाझर तलाव मांजऱ्याच्या पट्ट्यावर किंवा त्याच्या लगेच वर हवा, आणि त्यातलं पाणी मार्चपर्यंत आटलं तर ओरड करू नये, ते विहिरींत गेलेलं असतं. उलट मेपर्यंत भरलेला पाझर तलाव असेल तर तळात गाळाचा थर बसला आहे का ते तपासा. बोटभर चिकण गाळही मुरण्याचा दर पार खाली आणतो. गाळ काढताना खालचा मुरूम उघडा झाला की थांबायचं.

ओढा खोलीकरणात मुरूम संपून पाषाण लागेपर्यंत खोदत गेलं की आजूबाजूच्या मुरमातलं साठलेलं पाणी ओढ्यात झिरपून येतं. ओढा भरलेला दिसतो आणि काठच्या विहिरी लवकर तळ गाठतात. पुनर्भरणाच्या नावाखाली भूजलाचा निचरा होतो तो असा. म्हणून नकाशावर ओढ्याच्या तळाशी कुठला थर आहे, हे प्रत्येक शंभर मीटरला लिहा. खोलीकरणाची हद्द त्यावरूनच ठरवता येते.

सलग समतल चर पट्ट्याच्या वरच्या माळावर. काळ्या रानात चर नको, तिथं बांधबंदिस्ती आणि ओल टिकवणारी कामं.

माळरान

शेवटचा प्रश्न. थराच्या कलावरून काढलेली रेषा ओढली तर मांजऱ्याच्या पट्ट्याचा निम्म्याहून जास्त भाग आमच्या पाणलोटाबाहेर, शेजारच्या गावाच्या गायरानात जातोय. पाणलोटाची हद्द पुढं कशी धरायची?

भूगर्भ_पंढरपूर

पाणलोटाची रेषा जमिनीवरच्या पाण्याची. थराचा कल तिच्या पलीकडून येत असेल तर भूजल ती रेषा ओलांडतं. आधी खात्री करा. शेजारच्या गावातल्या आठ-दहा विहिरी त्याच दोन दिवसांत मोजा आणि पातळीचे कंटूर सलग काढा. पाणी कंटूरला काटकोनात, उंचाकडून सखलाकडं जातं. बाण शिव ओलांडून तुमच्याकडं येत असतील, ईसी तिकडं कमी आणि तुमच्याकडं जास्त असेल, आणि मांजऱ्याची कड दोन्हीकडं एकाच कलात बसत असेल, तर ते तिन्ही पुरावे एका कागदावर घाला. नकाशाची हद्द त्या जलधराची धरा, पाणलोटाची तुटक रेषेनं दाखवा. शेजारच्या ग्रामपंचायतीला तोच कागद ग्रामसभेच्या आधी द्या, कारण गायरानात चर घ्यायचा ठराव त्यांचा लागेल, आणि त्यांच्या खालच्या विहिरींनाही त्याच पट्ट्यातून किती मिळतं हे त्या नकाशावर त्यांना दिसलं पाहिजे.

माळरान

मे अखेरच्या मोजणीत पलीकडच्या दहा विहिरी धरतो. कठड्यांची लेव्हल दोन्ही गावांना एकाच खुणेवरून जोडून घेतो. आकडे आले की इथंच तक्ता टाकतो, छेदांसकट.

मांजऱ्या

तक्त्यात 'थर दिसला नाही' आणि 'थर नाही' हे दोन वेगळे रकाने ठेवा. बांधलेल्या विहिरीत दिसत नाही म्हणून 'नाही' लिहिलं की रेषा तिथं तुटते.